थ्रॉटलवरचा हात गेला, बरं झालं

स्लॅलम वॉटर स्कीइंगच्या तळ्यांवर एक गाऱ्हाणं गेली पंधरा-वीस वर्षं ऐकू येतं. ते करणारी माणसं ऐरीगैरी नाहीत. आयुष्यभर बोटी चालवलेली, कितीतरी पोरांना पाण्यावर उभं केलेली जाणती मंडळी आहेत. त्यांचं म्हणणं असं: बोटीचा वेग संगणक सांभाळू लागला आणि खेळातला जिव्हाळा गेला. पूर्वी ड्रायव्हर थ्रॉटलवर हात ठेवून खेळाडूची खेच ओळखायचा, हवं तिथे जोर द्यायचा, हवं तिथे आवरतं घ्यायचा. ती कला होती. आता उपग्रहाला वेग विचारणारं यंत्र इंजिन चालवतं. ते खेळाडूला ओळखत नाही, दांडगाईने ओढतं, आणि त्याच्यापायी बोटी इतक्या महाग झाल्या की साध्या माणसाने या खेळाकडे फिरकायचंच नाही.

मी दोन्ही तऱ्हेच्या बोटी चालवल्या आहेत आणि दोन्हींच्या मागे स्की केलं आहे. या मंडळींविषयी मला आदर आहे, पण त्यांचं म्हणणं मला मुळातूनच मान्य नाही. गप्प बसणंही बरं वाटत नाही. हे गाऱ्हाणं ऐकून नवशिके आपल्या चुकांचं खापर यंत्रावर फोडायला शिकतात आणि जिथे मेहनत घ्यायची तिथे घेत नाहीत.

आधी हा खेळ मोजतात कसा ते पाहू, कारण सगळा वाद त्या मोजमापाचाच आहे. तळ्यात २५९ मीटर लांबीचा मार्ग आखलेला असतो. मधोमध बोटीची वाट, आणि तिच्या दोन्ही अंगांना आलटून पालटून सहा बोये, प्रत्येक मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर. सुरुवातीच्या दरवाजापासून पहिला बोया २७ मीटर पुढे, मग दर ४१ मीटरला एक. बोट सरळ जाते. एकाच स्कीवर उभा असलेला खेळाडू दरवाजातून शिरतो, बोटीमागच्या दोन्ही लाटा पुन्हा पुन्हा ओलांडत सहाही बोयांना बाहेरून वळसा घालतो आणि शेवटच्या दरवाजातून बाहेर पडतो. जमलं, की पुढच्या फेरीला वेग वाढतो. पुरुषांसाठी कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांसाठी ५५. तो गाठला, की मग दोरी आखूड करत नेतात: १८.२५ मीटरवरून १६, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि त्याखाली. प्रत्येक टप्प्याला दोरीवर रंग असतो. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. शाळेत तानापिहिनिपाजा घोकलेल्याला हा क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही, मधला पारवा तेवढा गाळायचा.

आता आकडे नीट पाहा. दोरी बोटीच्या मधल्या खांबाला बांधलेली असते आणि बोया त्या रेषेपासून ११.५ मीटरवर असतो. जांभळ्या टप्प्याला दोरी ११.२५ मीटर उरते. म्हणजे ती पूर्ण आडवी ताणली तरी हँडल बोयाच्या अलीकडेच राहतं. उरलेलं अंतर खेळाडूने लांबवलेल्या हाताने आणि पाण्यावर झोकून दिलेल्या अंगाने भरून काढायचं. २०१३ मध्ये नेट स्मिथ या अमेरिकन खेळाडूने ५८ च्या वेगाने ९.७५ मीटरच्या दोरीवर अडीच बोये घेऊन विश्वविक्रम केला. तिथे दोरी बोयापासून पावणेदोन मीटर तोकडी होती.

या खेळात शैलीला गुण नाहीत. पंचांच्या आवडीनिवडीला जागा नाही. किती बोये घेतले ते मोजायचं, अर्धा-पाव सकट, आणि तोच निकाल. बोये जागेवर नांगरलेले, दोरीची लांबी ठरलेली, दरवाजांची रुंदी ठरलेली. या सगळ्या व्यवस्थेत निसटू शकणारी गोष्ट एकच होती: बोट.

हाताने वेग धरायचं काम कसं चालायचं ते जवळून पाहण्यासारखं होतं. डावा हात चाकावर, उजवा थ्रॉटलवर. एक डोळा वेगाच्या काट्यावर, एक पुढच्या बोयांवर, कान इंजिनाकडे. खेळाडू बोया वळून लाटेकडे झेपावला की बोटीला मागून हिसका बसायचा, इंजिनाचा आवाज जड व्हायचा. कसलेला ड्रायव्हर आवाज जडावण्याच्या आत थ्रॉटल केसभर पुढे सारायचा, आणि खेळाडू पलीकडच्या बोयाकडे सुटला की तेवढाच मागे घ्यायचा. ५८ च्या वेगाला सगळा मार्ग १६.०८ सेकंदांत संपतो. एवढ्या वेळात हे देणं-घेणं पुन्हा पुन्हा करायचं आणि वर बोट सरळ ठेवायची. हे कसब होतं, याबद्दल माझं दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे, की त्या कसबाचे गुण कोणाच्या नावावर जमा होत होते?

घड्याळ लावून मोजलं तर एकूण वेळ बरोबर यायची, पण एकूण वेळ बरोबर येऊनही आतला वेग वरखाली होऊ शकतो. कुठे किंचित जास्त, कुठे किंचित कमी, बेरीज जुळली म्हणजे झालं. ताशी २ किलोमीटर म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरहून थोडं जास्त. खेळाडू उशिरा बोयापाशी पोचतोय हे ओळखून ड्रायव्हरने एक सेकंदभर एवढाच वेग सोडला, तर खेळाडूला अर्धा मीटर अवकाश मिळाला. आणि दोरीचे वरचे टप्पे किती अंतराने आखूड होतात? ११.२५ वरून १०.७५, मग १०.२५, मग ९.७५. अर्धा-अर्धा मीटर! ज्या फरकासाठी खेळाडू वर्षानुवर्षं घाम गाळतो, त्याच मापाचा फरक ड्रायव्हरच्या मनगटात होता. मग तो बोया नक्की कोणी घेतला?

यात लबाडी असायचीच असं नाही, आणि मुद्दा लबाडीचा नाहीच. बाप मुलाला ओढत असेल तर हात आपोआप सैल पडतो. क्लबचा ड्रायव्हर आपल्या माणसाची खेच अंगवळणी पडलेली असते म्हणून त्याला जास्त चांगलं ओढतो, आणि परगावहून आलेल्या पोरीला तेवढं चांगलं ओढत नाही. पंचेचाळीस किलोच्या मुलीमागून पंच्याण्णव किलोचा गडी पाण्यात उतरला की पहिल्या दोन बोयांपर्यंत सगळा अंदाजाचा कारभार. किराणा दुकानदार कितीही देवमाणूस असला, तरी तराजूचा काटा हाताने धरून दिलेलं माप आपण घेत नाही. स्लॅलमचा तराजू बोट आहे. काटा हाताच्या पकडीतून सुटला, यात खेळाने काय गमावलं?

यंत्रं एका रात्रीत आली नाहीत. नव्वदच्या दशकात परफेक्टपास आलं. ते इंजिनाचे फेरे धरून ठेवायचं, त्यासाठी बोटीतल्या माणसांची वजनं त्याला सांगावी लागायची आणि मार्गातल्या चुंबकांवरून ते वेळ पकडायचं. पुढे, २००० च्या दशकाच्या शेवटी झिरो ऑफ आलं. ते उपग्रहावरून बोटीचा प्रत्यक्ष वेग घेतं आणि तोच धरून ठेवतं. हा फरक मोठा आहे. इंजिनाचे फेरे कायम ठेवले तरी खेळाडूच्या खेचीने बोट थोडी मंदावायची आणि त्या मंदावण्यात खेळाडूला उसंत मिळायची. वेगच कायम ठेवायचा म्हटलं की ती उसंत जाते. बोट हटत नाही. जुन्या मंडळींना जी दांडगाई वाटते ती हीच.

पण ही दांडगाई कोणाला आणि केव्हा जाणवते, तेही सांगायला हवं. यंत्राला खेळाडू दिसत नाही, वेग दिसतो. खेच बसली की वेग पडतो, यंत्र इंजिनाला जोर लावायला सांगतं, आणि तो जोर क्षणभराने खेळाडूपर्यंत पोचतो. जो खेळाडू वळण संपताक्षणी स्की कडेवर घालतो, लगेच खेचायला लागतो आणि बोटीच्या बरोबर मागे येईपर्यंत खेच संपवत आणतो, त्याला इंजिनाचं उत्तर मध्यरेषेपाशी मिळतं. तिथे ते हवंच असतं. जो वळणानंतर रेंगाळतो, पहिल्या लाटेपाशी जागा होतो आणि दुसरी लाट ओलांडल्यावरही खेचतच राहतो, त्याला तेच उत्तर बोयाच्या तोंडाशी मिळतं. त्याला आता वेग टाकून वळायचं असतं आणि बोट त्याच वेळी पुढे ओढत असते. मग तो बोया घाईने वळतो, दोरी ढिली पडते, ढिली दोरी झटक्यात ताणते, आणि तो तोंडावर आपटतो. काठावर येऊन म्हणतो, यंत्राने पाडलं.

यंत्राने पाडलेलं नसतं. उशिरा खेचण्याची सवय आधीपासून होतीच. पूर्वी जाणता ड्रायव्हर अशा वेळी थ्रॉटल सैल सोडून ती झाकायचा. अशी झाकाझाक प्रेमापोटी होत असली तरी तिने खेळाडूचं नुकसानच होत होतं. आपल्या तळ्यावर सहाच्या सहा बोये घेणारा पोरगा दुसऱ्या तळ्यावर तिसऱ्या बोयाशी का कोसळतो, हे त्याला स्वतःलाही कळायचं नाही.

उपाय सरावात आहे, आणि तो जुनाच आहे. ५५ ला जमत नसेल तर ५२ वर उतरा, तिथेही ओढाताण होत असेल तर ४९ वर. वेग उतरवण्यात कमीपणा काही नाही. उभं राहताना दोन्ही पावलांवर भार हवा, घोटे आणि गुडघे सैल, कंबर पुढे, छाती वर. कमरेत वाकलेला माणूस खेचतो तेव्हा सगळा भार पाठीवर घेतो आणि लाटेवर उसळतो. हँडल दोन्ही लाटा ओलांडेपर्यंत कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ, कोपरं बरगड्यांना लागलेली. दुसऱ्या लाटेच्या पलीकडेही दोन्ही हात हँडलवरच राहू द्या. बहुतेकांचा एक हात घाईने सुटतो, आणि हात सुटला की अंग बोटीकडे वळतं आणि बोया दूर जातो. दरवाजाला शिरायच्या आधी भरपूर बाहेर जा आणि वेळेवर आत वळा. पहिला बोया उशिरा गाठला तर तो उशीर पुढच्या पाचही बोयांना व्याजासकट भरावा लागतो. आणि बोये डोळ्यांसमोर आले की घाबरगुंडी उडत असेल, तर मध्यरेषेजवळ लावलेल्या बोयांच्या अरुंद मार्गावर आधी लय पक्की करा.

यंत्र खेळाडूला ओळखत नाही, ही तक्रारही अर्धवट माहितीवर उभी आहे. झिरो ऑफमध्ये तीन अक्षरं आणि तीन आकडे असतात. खेचीला इंजिनाने किती लवकर आणि किती जोराने उत्तर द्यायचं, ते त्यांच्या जोडीतून ठरतं. स्पर्धेतही खेळाडू आपली जोडी सांगू शकतो. हलक्या अंगाच्या खेळाडूला एक मानवेल, जाडजूड गड्याला दुसरी. म्हणजे सवलत आहे, पण ती उघड आहे, सगळ्यांना सारखी उपलब्ध आहे आणि कागदावर लिहून ठेवता येते. ड्रायव्हरच्या मर्जीपेक्षा मला ही सवलत कितीतरी जास्त सभ्य वाटते. फक्त एक पथ्य पाळा. जोडी एकदा ठरवली की निदान एक मोसम बदलू नका. दर फेरीला अक्षर बदलणारा माणूस सराव करत नसतो, सबब शोधत असतो.

इथे स्कीचा विषय येतो, कारण यंत्राला दोष देऊन झालं की लोक स्कीकडे वळतात. स्कीच्या शेपटाला खाली धातूची फिन असते. तिची लांबी, खोली, शेपटापासूनचं अंतर आणि तिच्यावरच्या छोट्या पंखाचा कोन, हे सगळं बदलता येतं. खोली साधारण अडीच इंच असते, पण ती मोजतात इंचाच्या हजाराव्या भागात, कॅलिपर लावून. हे वेड नाही. वरच्या पातळीवर एवढ्याशा फरकाने वळण बदलतं. पण विचार करा, हाताने ओढलेल्या बोटीमागे या मोजमापाला अर्थ काय होता? फिन बदलली आणि फेरी चांगली गेली. ती फिनमुळे की ड्रायव्हरचा हात त्या दिवशी सढळ होता म्हणून? कळायला मार्गच नव्हता. प्रत्येक फेरीला तीच बोट, तोच वेग, तीच वेळ मिळू लागली तेव्हा कुठे आपण स्कीबद्दल खात्रीने काही बोलू शकलो. एका वेळी एकच गोष्ट बदला, तिला पुरेशा फेऱ्या द्या, टिपून ठेवा. नवशिक्याने तर फिनला हातच लावू नये. त्याने आपल्या वजनाला आणि वेगाला मानवणारी, शक्यतो रुंद स्की घ्यावी, पाय बसवायचे बूट घट्ट असावेत, आणि कारखान्यातून आलेली फिन तशीच राहू द्यावी. विजेत्यांची अरुंद, महागडी कार्बनची स्की ४९ च्या वेगाला पाण्यात बुडते आणि शिकणाऱ्याचा जीव काढते.

खर्चाच्या मुद्द्यावर मी या मंडळींशी अर्धा सहमत आहे. स्पर्धेच्या दर्जाची नवी बोट आज लाख डॉलरांच्या वर गेली आहे, आणि ही या खेळावरची खरी आपत्ती आहे. कंपन्यांनी या बाबतीत खेळाचं भलं केलेलं नाही. पण तिचं कारण वेग धरणारं यंत्र नाही. १९९० च्या दशकातली स्की नॉटिक १९६ किंवा प्रोस्टार १९० घ्या: इंजिन मधोमध, लाट बुटकी, मार्गावर सरळ चालणारी. अशा जुन्या, केबलच्या थ्रॉटलच्या बोटीलाही वेग धरणारं यंत्र बसवता येतं, आणि नव्या बोटीच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. क्लबाने नव्या बोटीसाठी वर्षानुवर्षं झोळी फिरवण्यापेक्षा जुनी नीट राखलेली बोट घेऊन तिला यंत्र बसवावं. शिकणाऱ्याला त्या बोटीमागे काहीही कमी पडत नाही.

आणि खर्चाचा हिशोब करायचा तर पुरा करा. हाताने वेग धरायच्या काळात या खेळाची सर्वांत दुर्मीळ चीज बोट नव्हती, कसलेला ड्रायव्हर होता. तसा माणूस घडायला वर्षं लागत, आणि ज्याच्या घरात किंवा तळ्यावर तो असे त्याचंच भाग्य उघडे. १९२२ मध्ये मिनेसोटातल्या लेक पेपिनवर अठरा वर्षांच्या राल्फ सॅम्युएलसनने पाण्यावर पहिल्यांदा स्की केलं, तेव्हाही त्याला ओढायला भाऊ बेन होता. ज्याला असा बेन नव्हता, त्याने काय करायचं? आज सोळा वर्षांची मुलगी, नुकतीच बोट शिकलेली, आपल्या आईला ५२ च्या वेगाने अचूक ओढू शकते. वेगाची चिंता यंत्राकडे असल्यामुळे तिचे डोळे काट्यात अडकत नाहीत. ते पुढच्या पाण्यावर राहतात, आणि मागे बसलेला तिसरा माणूस खेळाडूवर नजर ठेवतो. यात खेळ स्वस्तही होतो आणि सुरक्षितही.

राहता राहिला कलेचा प्रश्न. ड्रायव्हरची कला संपली असं जे म्हणतात, त्यांनी चाकाकडे पाहावं. बोटीची वाट दाखवणाऱ्या बोयांमधलं अंतर आहे २.३ मीटर. बोट त्यांना जवळजवळ घासतच जाते. तेवढ्यात मागे एक माणूस सव्वा-दीड टनाच्या बोटीला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जीव खाऊन ओढत असतो, आणि बोट त्याच्याकडे सरकू पाहते. ती खेच यायच्या आत चाकाला नेमका तेवढाच विरोध देणं, आणि खेच सुटली की तोही काढून घेणं, हे अजून माणसाच्याच हातात आहे. बोट वीस सेंटिमीटर खेळाडूच्या बाजूला सरकली तर ११.२५ च्या पुढे ती जवळजवळ अर्ध्या टप्प्याची दोरी फुकट मिळाल्यासारखी आहे. म्हणून आता मोठ्या स्पर्धांत बोटीची वाटही उपग्रहावरून मोजली जाते. सरळ चालवणाऱ्याची कला त्यामुळे पहिल्यांदाच आकड्यांत दिसू लागली आहे. चांगल्या ड्रायव्हरला याहून मोठा मान कोणता?

तेव्हा माझं सांगणं साधं आहे. क्लबांनी नवशिक्यांनाही पहिल्या दिवसापासून यंत्रावरच ओढावं, ‘आधी हाताने, मग यंत्राने’ असा नेम ठेवू नये. हाताच्या सवलतीवर वाढलेली तंत्रं पुढे मोडून काढायला दुप्पट वेळ जातो. जुन्या ड्रायव्हरांनी आपली विद्या थ्रॉटलच्या आठवणींत न कोंडता चाकावर नव्या पोरांना शिकवावी. त्यांच्याइतकी सरळ रेषा दुसऱ्या कोणाला येत नाही. आणि खेळाडूने बोया चुकला तर आधी आपल्या खेचीची वेळ पाहावी, मग उभं राहणं, मग हँडल. स्की, फिन आणि बोट यांचा नंबर त्यानंतर लागतो. या खेळाने खेळाडूला दिलेलं वचन एकच आहे: जो बोया तू घेशील तो तुझाच असेल. हाताच्या थ्रॉटलला ते कधीच पाळता आलं नाही. यंत्राला येतं, आणि एवढ्यासाठी मी त्याच्या बाजूने उभा आहे.